पुजारीबाबा आमच्या अॅम्ब्युलन्समध्ये बसले तेव्हा

गेल्या सोमवारी दुपारी सालेकशात डबा उघडला आणि कॉल आला. दरेकशाच्या पुढच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, बाईला साप चावलाय... धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, निंदण करताना. डबा तसाच झाकला आणि निघालो.

मी सरकारी अॅम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे, गाडी दिलीपभाऊ चालवतात. आमच्याकडे पत्ता म्हणजे 'मोहाच्या झाडापासून डावीकडे'... तेवढ्यावरच पोचायचं असतं.

टोल्याअलीकडच्या नाल्याला पाणी होतं. गाडी तिथंच ठेवली, स्ट्रेचर उचललं आणि दोघं गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो.

अंगणात खाटेवर सेवंता... तिशीची असेल. पायाशी तिचा नवरा बुधराम. उशाशी गावचे म्हातारे पुजारी, हातात कडुनिंबाची डहाळी, डोळे मिटून मंत्र म्हणत होते.

मी सेवंताला हाक मारली. तिनं डोळे उघडायचा प्रयत्न केला, पण पापण्या वर जाईनात. विष चढत होतं. आता श्वास कधीही मंदावला असता.

"चला, लगेच निघायचं," मी म्हटलं.

बुधराम हललाच नाही. "बाबाचा मंतर होऊ द्या ना म्याडम. अर्ध्यात काऊन नेऊन राहिले तिले?"

खरं सांगते, माझा पारा चढला. पण भांडायला वेळ कुठे होता? तेवढ्यात पुजारीबाबांच्या हाताकडे लक्ष गेलं. एका हातात डहाळी होती, दुसरा सेवंताच्या कपाळावर ठेवलेला... हा माणूस आम्हाला अडवायला नव्हता बसला. तोही तिला वाचवायलाच बसला होता.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "बाबा, मंत्र थांबवू नका. फक्त गाडीत बसून म्हणा. तुम्ही तुमचं करा, मी माझं करते."

बाबांनी डोळे उघडले. एकदा सेवंताकडे पाहिलं, मग बुधरामवर खेकसले, "पाहून काय राहिला बे? उचल तिले!"

स्ट्रेचरसह नाला ओलांडला, बाबाही गाडीत बसले आणि गाडी सुटली. सायरन, खड्डे, घाटाची वळणं... आणि मंत्र. सलाइन लावलं तर बाटली हुकातून निसटायला लागली. बाबांनी ती हातात घेतली आणि उंच धरून ठेवली.

अर्ध्या वाटेत सेवंताचा श्वास अगदीच उथळ झाला. मी तोंडावर मास्क ठेवला आणि फुगा दाबून श्वास द्यायला लागले. मंत्र थांबला.

"जाऊन राहिली का वं पोरगी?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. तुम्ही म्हणत राहा."

ते पुन्हा सुरू झाले. आवाज फाटत होता, पण बाटली काही खाली आली नाही. बुधराम कोपऱ्यात हात जोडून बसला होता... कोणाला, बाबांना का मला, ते त्यालाही कळत नसावं.

निघतानाच कळवलं होतं, त्यामुळे सालेकशाच्या दवाखान्यात सगळे तयार होते. विषावरची इंजेक्शनं लगेच सुरू झाली. मग तिथून गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात, श्वासाच्या मशीनवर. त्या रात्री कुडव्याला घरी आले, पण झोप काही लागली नाही.

काल भेटायला गेले तर सेवंता उशीला टेकून वरणभात खात होती! "वरनात मीठच नाई म्याडम," ही तिची पहिली तक्रार. इतकी गोड तक्रार मी आजवर ऐकली नाही.

बाबा व्हरांड्यात बसले होते. मला पाहिलं आणि बंडीच्या खिशातून बटणांचा फोन काढला. "बाई, तुह्या गाडीचा नंबर टाकून दे यात."

"कायले बाबा?" मी मुद्दामच विचारलं.

"गावात कोनाले साप चावला का लोकं पयले माह्याकडेच पळत येतात. मंतर त मी म्हनीनच..." त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. "पन पयले तुले फोन लावीन."

मी नंबर सेव्ह करून दिला. कीपॅड जरा धूसर दिसत होता, ते सोडा.

आमच्या गाडीवर आम्ही दोघंच... मी आणि दिलीपभाऊ. पण आता त्या टोल्यावर आमचा तिसरा माणूस बसलाय. बाबा, मनापासून थँक्यू!