किटल्यांची रांग आणि वायफायचा डबा

“तो डबा काढून पुण्याला घेऊन ये,” बॉस फोनवर कडाडले. “महिन्यात चार लॉगिन, त्यातले तीन तुझेच!”

खरंच होतं. इनामगावच्या अलीकडच्या एका गावात आम्ही वायफायचा हॉटस्पॉट बसवला होता. हॉटस्पॉट म्हणजे एक छोटा डबा. त्याच्या आसपास लॅपटॉप घेऊन बसलं की वायरशिवाय इंटरनेट चालतं. जागा मीच निवडलेली. सरपंच आबा म्हणाले होते, “पंचायतीच्या ओट्यावर लावा साहेब, गावाची शान हाय ती.” मी भर दुपारी सर्व्हे केला. ओट्यावर वीस माणसं, सिग्नल फुल्ल. दूध डेअरीला कुलूप. रिपोर्टात डेअरीपुढे ‘वर्दळ नाही’ असं ठोकून दिलं आणि स्वतःवर भलताच खूश झालो.

ते वीसजण पत्ते कुटायला येत, हे नंतर कळलं.

डबा उतरवायला मी सकाळी साडेसहालाच गावात पोचलो. कुणी बघायच्या आत काम उरकायचं होतं. लाज वाटत होती हो! आणि बघतो तर काय, डेअरीपुढे अख्खं गाव. दुधाच्या किटल्या रांगेत आणि माणसं बाजूला गप्पा मारत मोकळी. इथली रीतच ती. नंबर किटली धरते. रांग सरकली की जवळ असेल तो किटली पुढे सरकवतो. पाऊण तास सगळे रिकामे! मी कपाळावर हात मारला.

डेअरीच्या सेक्रेटरी मंदाताई दूध मापत होत्या. “ओट्यावर लावलाय व्हय तुमी? आन् बायांनी तिथं काय सासऱ्याचं पत्तं पिसत बसायचं?”

बाया फिदीफिदी हसल्या. एक मात्र हसली नाही. ती आबांची सून, अश्विनी.

“नर्सिंगच्या फॉर्मची आज शेवटची तारीख हाय,” ती म्हणाली. “शिरूरच्या कॅफेत दोनदा गेले, दोन्ही बारीला लाईट न्हाई. भावाचा लॅपटॉप हाय घरात, पण ओट्यावर मामंजी बसत्यात. गेलं वरीस वाया.”

“डेअरीत लाईट असते?” मी मंदाताईंना विचारलं.

“दूध नासंल म्हून जनरेटर हाय की!”

बॉसना विचारलंच नाही. दुपारपर्यंत डबा आणि अँटेना डेअरीच्या छपरावर चढवला.

संध्याकाळी अश्विनी किटली रांगेत ठेवून, भावाचा लॅपटॉप घेऊन पोत्यावर बसली. फॉर्म अर्धा भरला आणि लाईट गेली. जनरेटर धडधडला, डब्यावरचा दिवा पुन्हा हिरवा झाला, तेवढ्यात दारात आबा! अश्विनी डोक्यावरचा पदर सावरत उठायला लागली.

“बस, बस की!” आबा म्हणाले. “उठलीस तर फॉर्म ऱ्हाईल.”

“कुणाची किटली अडलीय?” मागून ओरड आली. अश्विनीचीच होती. आबांनी धोतर सावरलं, वाकले आणि सुनेची किटली स्वतः पुढे सरकवली. फॉर्म गेला तेव्हा बायांनी किटल्यांची झाकणं वाजवली. मीही एक घेऊन वाजवलं.

पंधरा दिवसांनी बॉसचा फोन. “अरे, एवढे लॉगिन? आकडा चुकलाय का?”

“नाही सर. दूध घालायची वेळ बघा, तेव्हाचेच आहेत सगळे.”

अश्विनीला ॲडमिशन मिळाली. पेढे तिने डेअरीतच वाटले, रांगेच्या क्रमाने. आता कुठल्याही गावात गेलो की टॉवरचं नंतर बघतो; आधी विचारतो, दूध कुठं घालता? आणि दुपारी सर्व्हे करत नाही. दुपारी फक्त पत्त्यांचा सर्व्हे होतो.