डॅशबोर्डवरची टिकली

आमच्या घरी गाडीची किल्ली फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात असते. गेल्या वर्षी ती उचलून मी माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकली आणि बाबांना सांगितलं, यापुढे तुम्ही गाडी चालवायची नाही. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि वाचत बसले.

गाडी चौदा वर्षांची होती. बाबा ती सकाळी मंडईला न्यायचे, कधी सुकापूरला मित्राकडे. एरवीचा सगळा प्रवास तीन किलोमीटरच्या आतला. दोन महिने ते मला सांगत होते, "गाडी थांबत आली की ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं." शेवटी मी म्हटलं, मी बघतो. सोसायटीतून निघून थेट हायवेला लागलो, पळस्प्याच्या पुढे जाऊन आलो, वाटेत दहा वेळा ब्रेक दाबला. पेडल शांत. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मी इंजिनिअर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरचा, त्यामुळे निष्कर्ष काढायला मला फार वेळ लागत नाही. गाडीत दोष नव्हता. म्हणजे पायात होता. त्यातच एकदा गेटजवळ गाडी वेळेवर थांबली नाही आणि वॉचमनची रिकामी प्लास्टिकची खुर्ची मोडली. मी किल्ली घेतली ती त्याच संध्याकाळी.

त्यानंतर बाबा बातम्या बघताना उजवा पाय आईच्या शिलाई मशीनच्या पायडलवर ठेवायचे आणि बातम्यांऐवजी पायाकडे बघायचे. पायडल हलायचं. ते हलण्यासाठीच असतं. पण मी मनात म्हटलं, बघा, हलतोय पाय.

दिवाळीनंतर गाडी विकायची ठरवली. जासईहून एक जण बघायला आला. पंचविशीचा, रोज ट्रेलर चालवणारा. सोसायटीच्या आवारातच एक चक्कर मारून तो उतरला आणि म्हणाला, "ब्रेक थरथरतोय तुमचा. पेडल धडधडतंय पायाला." बाबा बाल्कनीत उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि ते आत निघून गेले. ट्रेलरवाल्याच्या पायाबद्दल मला काही बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी गाडी सुकापूरच्या रस्त्यावरच्या एका मेकॅनिककडे नेली. बाबा न सांगता शेजारी येऊन बसले होते. मेकॅनिकने आधी विचारलं, "एबीएसचा दिवा लागतो काय?"

"कधीच नाही," मी ठामपणे सांगितलं.

त्याने आत वाकून डॅशबोर्डवर नख टेकवलं. "मंग ही काय हाय?"

ती टिकली होती. मोठी, मरून, दिव्याच्या बरोब्बर वर. आईच्या टिकल्या आमच्याकडे आरशावर, फ्रिजवर, कपाटाच्या दारावर, सगळीकडे असतात. त्या आम्हाला दिसेनाशा झाल्यात. बाबा म्हणाले, "आपटा गावच्या लग्नाहून येताना दिवा डोळ्यांत खुपत होता. तिने लावली. गॅरेजला नेईन तेव्हा काढू, असं ठरलं होतं. मग तू म्हणालास, मी बघतो."

मेकॅनिकने स्कॅनर जोडला. जोरात ब्रेक लागला आणि चाक अडकायला आलं, की एबीएस ब्रेक भराभर सोडतं नि पकडतं. पेडल थरथरतं ते त्यामुळे. त्यासाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजणारा एक सेन्सर असतो. स्कॅनरने पुढच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. मेकॅनिकने डावा-उजवा सेन्सर आलटून पालटून लावले, तरी दोष डावीकडेच राहिला. म्हणजे सेन्सर बरा होता. मग तो सेन्सर ज्या दातेरी कड्याचे दात मोजतो, ते कडं पाहिलं. गंजून फुगलेलं, त्यात केसाएवढी चीर. हळू जाताना त्या चिरेपाशी हिशोब चुकायचा आणि गाडीला वाटायचं, चाक अडकलं, म्हणून ती उगाचच ब्रेक सोडायची. वॉचमनची खुर्ची मोडली ती त्यातच.

"पण मी पळस्प्यापर्यंत नेली तेव्हा काहीच झालं नाही," मी म्हटलं.

"लांब नेली का गाडीला कलतं, कायतरी खोटं हाय. मंग ती दिवा लावते आनि एबीएस बंद करून टाकते. मंग थरथरंल कशी? दिवा तर तुमी टिकलीखाली ठेवलेला." मग तो बाबांकडे वळला. "काका, तुमचा पाय बरा हाय."

मी त्याला पायाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. बाबांनी सांगितलं असणार, मी चहा आणायला गेलो तेव्हा. मला भयंकर लाज वाटली. ती थोडी टिकलीवर ढकलून पाहिली, पण टिकलीने काही किल्ली काढून घेतली नव्हती.

कडं बदललं. मी किल्ली पुढे केली. बाबा म्हणाले, "तूच चालव."

"दोष गाडीत होता, बाबा."

"हो, ऐकलं मी."

तरी मी हात मागे घेतला नाही. शेवटी ते स्टिअरिंगमागे बसले, सावकाश सोसायटीपर्यंत आले आणि गेटजवळ, वॉचमनच्या नव्या खुर्चीच्या चांगलं दहा फूट अलीकडे, थांबले.

"थरथरलं?" मी विचारलं.

"पेडल नाही." ते खाली बघत होते. "पाय थरथरतोय. आधी नव्हता थरथरत."

मी वाकून पाहिलं. खरंच थरथरत होता. वॉचमनने खुर्ची उचलून बाजूला घेतली आणि गेट उघडलं. या वेळी मी किल्ली मागितली नाही.