परत एकदा सांगतीस का?

इंग्लंडला निघाले त्या दिवशी सोलापूर स्टेशनवर अप्पा एकच विचारत होते, "पोचल्यावर न्यायला कोन येनार हाय?" मी दोनदा सांगितलं. गर्दीत त्यांना ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी चिडले आणि "जाऊ द्या, काही नाही," म्हणून डब्यात चढले. त्यांनी नुसती मान हलवली.

भवानी पेठेतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यावर माणसाचे कान जातात, यात नवल नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. आई न कुरकुरता सांगायची. मी मात्र लहानपणापासून तोंडाळ. अप्पा "परत सांग की" म्हणाले, की माझं "जाऊ द्या" तयारच असे.

नर्सिंग करून इंग्लंडला आले. क्लासमध्ये शिकलेलं इंग्रजी वॉर्डात पहिल्याच दिवशी वाया गेलं. तिथल्या बायका अर्धे शब्द गिळून भराभर बोलायच्या. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" हे वाक्य मी बसमध्ये पुटपुटून पाठ केलं होतं. आधी सॉरी, शेवटी प्लीज, आणि तोंडावर हसू. पण तेही किती वेळा म्हणणार? दोनदा विचारून झालं की मी आपली "येस, येस" म्हणून मोकळी व्हायची. माझ्याबरोबर आलेल्या मुलींना हे वेगळं सांगायला नको.

एकदा धीर करून एका सीनियर नर्सला तिसऱ्यांदा विचारलं. बाई वाईट नव्हती, दमली होती. "नेव्हर माइंड," म्हणाली आणि ते काम स्वतःच करायला गेली. एवढं इंग्रजी मला लगेच कळलं. जन्मभर अप्पांना मी तेच तर ऐकवत आले होते. चादरींच्या खोलीत जाऊन रडले, आणि खरं सांगते, स्वतःसाठी नाही रडले.

त्या रविवारी घरी फोन केला. अप्पा नेहमीसारखे फोन आईला द्यायला निघाले. म्हटलं, देऊ नका, तुमच्याशीच बोलायचंय. इथली थंडी, माझी खोली, वॉर्डातलं काम, सगळं सांगत गेले. ते "व्हय, व्हय" करत राहिले. ते व्हय मला ओळखीचं वाटलं. म्हणून विचारलं, "अप्पा, आत्ता काय म्हणाले मी?"

ते हळूच म्हणाले, "न्हाय कळलं बग. तरास नसंल तर परत एकदा सांगतीस का?"

पोटच्या पोरीला ते परक्या माणसासारखं विचारत होते.

मी सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, त्यांना कळेपर्यंत. माझं घर सुटलं म्हणून मी इथं पुष्कळ रडले आहे. पण परत विचारताना जिथं अवघडावं लागत नाही ते घर, असं असेल, तर अप्पांचं घर मी सोलापुरात राहत होते तेव्हाच हिरावून घेतलं होतं.