पिवळ्या दिव्याची जबानी

"मास्तर, जबानी बदलू नका! परवा म्हनले नार्नूरच्या चढावर पेटला, आता म्हनता उतारावर! दिवा पेटला का तुमचं डोस्कं?"

इचोड्याच्या हमरस्त्यावरचे ट्रक हॉर्न विसरले, एवढा तो आवाज. माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरून ओरडत होते किसनकाका मेकॅनिक.

काका गेल्याला आता दोन वर्षं होतील. वीस वर्षं त्यांनी तहसीलची जीप चालवली, मग गॅरेज टाकलं. जीप सुटली, कचेरी जिभेवरच राहिली. गाडी आली की आधी मालकाची जबानी, मग शेजाऱ्याची, शेवटी इंजिनाची. स्वतःच्या सावलीलाही ते "काऊन मागं मागं येऊन राह्यली?" असं दरडावत, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. नसेल ऐकलं, तर कुणीतरी सांगितलं आहे.

माझी गाडी म्हणजे हैदराबादच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी, की शेळ्या वरून वाकून आत बघत. घेतल्या घेतल्या एका रविवारी काकांना दाखवली, आणि तेव्हापासून तिचा इंजिनाचा पिवळा दिवा चार दिवस विझलेला राही, मग पेटे. पेटला की मी टाकी भरून रविवारची वाट बघे, आणि रविवारी काकांपुढे तो असा गप्प, जणू जन्मात कधी पेटलाच नाही.

"जे दिसलं नाई, ते पंचनाम्यात येत नाई," काका म्हणत. आदिलाबादला मशीन लावून तपासू म्हटलं, तर "मशीनले शपथ देता येते काय?"

असे सात रविवार गेले. काकांचा संशय उंदरावर गेला, पेट्रोल पंपावर गेला, जुन्या मालकावर गेला आणि शेवटी माझ्यावर येऊन बसला. "तुमाले माह्या घरचा चहा आवडते. गाडीचं निमित्त हाये. मास्तर खोटं बोलून राह्यले!" हे शेजारच्या सगळ्या ढाब्यादेखत. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा मी! घरी जाताना ठरवलं, एक तर हा शब्द मागे घ्यायला लावीन, नाहीतर त्या चहाला पुन्हा तोंड लावणार नाही. आणि खरं सांगतो, काकाच माझ्या गाडीत काहीतरी ढिलं करत असणार, असंही मनात आलं.

चार दिवसांनी दिवा पेटला. टाकी भरायला गेलो, तर पेट्रोल भरणारी पंपावरची बाई म्हणाली, "मास्तर, टाकीचं झाकन कोन लावते तुमचं? दर खेपेला ढिल्लंच राह्यते. कटकट वाजेपर्यंत फिरवा लागते, नाई तर इंजिनाचा दिवा लागते." आणि तिने ते घट्ट लावलं.

मी तर त्या झाकणाला कधी हात लावत नव्हतो!

रविवारी मी चहाच्या मिषाने आडोशाला उभा राहिलो. काकांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, झाकण काढलं आणि टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन, डोळे मिटून, पेट्रोलात रॉकेल आहे का याचा वास घेतला. मग झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तसं झाकण अलगद ठेवलं.

"काका! चोर तुम्हीच!" मी असा ओरडलो, की कधी न थांबणारी तामसीची बसही थांबली.

पंपावरच्या बाईचं सगळं बोलणं मी ऐकवलं. झाकण कटकट वाजवून दाखवलं. काका टायरवर बसले. चहा आला, निवला.

"आता तरी म्हणा काका, मास्तर खोटं बोलत नव्हते."

"नसान बोलले," काका म्हणाले. "पन दिवा म्या अजून पाह्यला नाई."