दोन्ही डोळ्यांचा फोटो

सन दोन हजार आठ, तवा मी साठीचा होतो. आज सूनबाई भिंतीवरचा माझा फोटो पुसून राह्यली होती. म्हणली, "आबा, यात कोणावर चिडले होते?" अन् मला जालन्याचा तो दवाखाना आठवला.

त्या साली माझा डावा डोळा हळूहळू बाहेर आल्ता. आमच्या साऱ्या टेंभुर्णी गावाला वाटायचं, म्हातारा रागात बघतो. गडीमाणसं बराबर कामाला लागायची, म्हणून मीही गप्प राह्यलो.

जालन्याच्या डॉक्टरनं स्कॅनची फिल्म उजेडाला धरली. म्हणला, "डोळ्याच्या मागं, खोबणीत गाठ आहे. जीव वाचवायचा तर डोळा काढावा लागेल. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

माझी बायको म्हणली, "कसं येईल साहेब? हे लग्नापासून असेच डोळे वटारून बघतात."

डॉक्टर हसला. बायकोनं तोंडाला पदर लावला. स्पिरिटचा वास येत होता, वर पंखा कुरकुरत होता. मला भ्याव वाटलं न्हाई, दुःखही न्हाई. बांधावरचं वठलेलं झाड तोडायला सांगावं तसं मी म्हणलो, "काढून टाका."

पदराआड ती हसती, असं तवा वाटलं. आज वाटतं, रडत असंल. विचारायला आता ती न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, पटका बांधला अन् गावातल्या फोटोवाल्याकडं गेलो. तो म्हणला, "आबा, नजर जरा नरम करा."

म्हणलं, "नजर ऱ्हाऊ दे. दोन्ही डोळे आले पाह्यजेत."