श्रीरंग, मधुरा आणि आमची मधली सुट्टी

आमच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासायच्या राहून जातात, किस्से मात्र एकही वाया जात नाही. मी चित्रकलेची. मला तपासायला फारसं नसतं, म्हणून सगळे किस्से माझ्याकडेच येऊन साठतात. त्यातले निम्मे तरी ढोले सर आणि सुनंदा मॅडमचे.

दोघं एकेकाळी नवरा-बायको. फारकतीला सहा वर्षं झाली. घर सरांकडे राहिलं, मॅडम भाड्याच्या खोलीत गेल्या, पण यवतमाळची ही शाळा दोघांनीही सोडली नाही. एकमेकांशी थेट एक शब्द नाही. बोलायचं असलं तर सिरियलमधून! संध्याकाळच्या त्या सिरियलमध्ये श्रीरंग आणि मधुरा हे असंच वेगळं झालेलं जोडपं होतं, एकाच बंगल्यात राहून किल्ल्यांवरून कुरघोड्या करणारं. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कालच्या भागाची चर्चा. त्यात सिरियलचं किती आणि या दोघांचं किती, ते आम्ही न विचारता ओळखायचो.

*

एकदा सर सकाळपासून डोकं धरून बसले होते. मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काल श्रीरंगनं बीपीची गोळी घेतली नाही. मधुराले समजलं, पण ती कायले सांगन?"

सिरियलमध्ये तसं काहीच दाखवलं नव्हतं. सरांनी मुकाट्यानं खिशातून गोळी काढली आणि माझ्या बाटलीतल्या पाण्यासोबत घेतली.

*

एप्रिलमध्ये आमच्याकडे पंख्याखालची खुर्ची म्हणजे सिंहासन. सर लवकर येऊन ती बळकावायचे. पण रेग्युलेटर मॅडमच्या पाठीशी! सर टेकले रे टेकले की पंखा पाचावरून एकावर. सर आम्हाला ऐकवायचे, मधुरा लय कंजूस हाय, वारा बी मोजून देते.

मग एक दिवस सरांनी ती खुर्ची सोडली. मॅडमही तिथे बसेनात. दोघं घामानं निथळत होते आणि खुर्ची रिकामी. शेवटी मीच जाऊन बसले. माझं त्यात काही भांडण नव्हतं.

*

आमचे हेडसर टीव्ही बघत नाहीत. एकदा दारातून जाताना त्यांच्या कानावर पडलं की श्रीरंग तीन दिवसांपासून घरीच बसला आहे, कोणाला काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं हजेरीपुस्तक घेऊन ते माझ्याकडे आले.

"मॅडम, हे श्रीरंग कोणत्या वर्गाले आहेत? रजेचा अर्ज दिसून नाही राह्यला त्यांचा."

*

शुभांगी नवी होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती सरळ बोलून गेली की तो श्रीरंग निव्वळ मूर्ख आहे, मधुरानं त्याला सोडलं ते बरंच केलं. सगळ्यांचे घास हातात राहिले.

उत्तर दिलं ते मॅडमनी. "मूर्ख नाही तो. त्याले बोलता येत नाही, एवढंच."

सर डबा धुवायला म्हणून उठले ते घंटा होईपर्यंत आले नाहीत. खरं सांगते, त्या दिवशी मला दोघांचाही राग आला. इतकं कळतं, तर मग वेगळे कशाला झालात?

*

मागच्या महिन्यात मुकुटबनला मॅडमच्या आई अंगणात पडल्या. एकट्याच राहतात. आमच्या संस्थेची एक शाळा तिथे आहे, म्हणून मॅडमनी बदलीचा अर्ज लिहिला. सोमवारी मधल्या सुट्टीनंतर तो हेडसरांकडे द्यायचा होता. सगळ्या स्टाफला माहीत होतं. सरांनाही.

त्यात शुक्रवारी सिरियल संपली. श्रीरंग-मधुरा एक झाले, सगळ्या नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या, खेळ खलास. आता हे दोघं बोलणार कसे, याचीच मला काळजी.

सोमवारी डबे उघडले. मॅडमनी अर्ज डब्याशेजारी ठेवला होता. सर बराच वेळ पोळीचे तुकडेच करत बसले. मग मला म्हणाले, "कालचा भाग पाह्यला काय?"

मी म्हटलं, "नाही बा. काय झालं?"

"मधुरा गाव सोडून चालली होती. श्रीरंग म्हणे, आईले इकडेच घेऊन ये. वर नवी खोली बांधली हाय, तिथं राहा दोघी."

शुभांगीनं तोंड उघडलं, तर मी तिच्या डब्यात लोणचं वाढलं.

मॅडमनी सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ सरांकडे बघितलं. "मधुराच्या आईच्यानं जिना चढणं होते काय?"

सर म्हणाले, "मंग श्रीरंग वर राहीन."