तुरटीच्या पाण्याने आलेला नॉर्मल रिपोर्ट

"गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी बिघडल्यात. अजून कॅन्सर नाही, पण असंच राहिलं तर होऊ शकतो," मिरजेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझा वर्षापूर्वीचा साताऱ्याचा रिपोर्ट उचलला. त्यावर सगळं नॉर्मल होतं. "एका वर्षात सहसा एवढं होत नाही. तेव्हा तपासणीला जाताना काय केलं होतंत?"

मी तेव्हा तीस वर्षांची. एक मुलगी होती, दुसरं मूल हवं होतं. पिशवी काढणार का, एवढंच माझ्या डोक्यात. तरी खरं सांगितलं.

अंगावरून पांढरं जायचं, खाज यायची, वास यायचा. उंब्रजजवळच्या आमच्या घरात असलं बोलत नाहीत. साताऱ्याला दाखवायचं ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरापुढं तसलं घेऊन जातीस व्हय? लाज हाय का न्हाई?" त्यांनी तुरटीचं पाणी उकळून दिलं. आदल्या दिवशी आणि निघताना पुन्हा, मी आतून स्वच्छ धुतलं आणि देवळात जावं तशी गेले.

तिथे पॅप स्मिअर घेतला, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी लाकडी पट्टीने हलक्या खरवडून काचेवर पसरल्या. व्हजायनल स्वॅबही घेतला, म्हणजे कापसाच्या काडीवर आतलं पाणी घेऊन जंतू पाहिले. काय दिसणार होतं? सासूबाई खूश. "बघ, काय सुदिक न्हाई. मनाचं खेळ हायती." पुढचं वर्षभर मी खाजवत आणि तुरटीने धूत काढलं. हसावं की रडावं, अजून कळत नाही.

डॉक्टरबाई चिडल्या. "अहो, तिथे चांगले जंतूही असतात, दह्यातल्या विरजणासारखे. ते आंबटपणा राखतात म्हणून वाईट जंतू माजत नाहीत. तुम्ही रोज तेच धुऊन टाकलेत, आणि तपासणीआधी आजाराच्या खुणाही. वर्षापूर्वी कळलं असतं तर कदाचित त्या पेशी नुसत्या गोठवून भागलं असतं."

पेशींवर ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसच्या खुणा होत्या. हा संबंधातून येणारा विषाणू. तो वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, त्यामुळे कुणाकडून आला हे सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. स्वॅबमध्ये ट्रायकोमोनस नावाचा वेगळा जंतूही सापडला. त्याच्या गोळ्या नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या.

नवरा फौजेतून सुट्टीवर आला होता. बाहेरच्या बाकावर त्याने हळूच विचारलं, "कुणाकडनं आणलंस?" वर्षातले दहा महिने मी त्याच्या आईच्या नजरेखाली असते. चोर तो चोर, वर शिरजोर! आणि गोळ्यांबद्दल म्हणाला, "आजार तुझा हाय. मी का खाऊ?" बुटाला डाग चालत नाही या माणसाला. त्याने गोळ्यांची पट्टी ट्रंकेत टाकली.

पंधरा दिवसांनी पुन्हा स्वॅब. जंतू तिथेच. "मिस्टरांनी गोळ्या घेतल्या?" मी "नाही" म्हणाले, तोही शेजारी उभा असताना. डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "चार गोळ्या. माझ्यासमोर. ऑर्डर समजा." त्याने गुपचूप गिळल्या. अख्ख्या आजारपणात मला तेवढंच बरं वाटलं.

मग कोन बायॉप्सी झाली, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा बिघडलेला भाग शंकूसारखा कापून काढला. पिशवी वाचली. पण दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात पिशवीचं तोंड उघडून मूल गेलं. कापलेलं तोंड वजन पेलत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यानंतर राहिलंच नाही.

बायांनो, तपासणीआधी दोन दिवस आतून काही लावू नका, धुऊ नका. एरवीही आतून धुऊ नका. आभार मानायचेच तर मी त्या बाईंच्या रागाचे मानते. माझ्यासाठी दुसरं कुणी चिडलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर धाकटी जाऊ तपासणीला निघाली. स्टोव्हवर पातेलं, शेजारी तुरटीचा खडा. सासूबाई दारात. मी पातेलं उचलून मोरीत ओतलं.

"आवं ताई, अशी कशी जाऊ? डॉक्टरला घाण वाटंल."

"वाटू दे," मी म्हणाले. "ह्या पाण्यात माझी दोन लेकरं वाहून गेली. तू हाय तशी जा."

सासूबाई दारातून बाजूला सरल्या.